सुहासरावांचा खिळा

मी चित्रकार आहे हे आमच्या कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. माझं एकही चित्र मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं अकरा वर्षांत कुणाला वाटलं नाही, आणि आपण होऊन ती दाखवून देण्याइतका मी भोळा नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की मी म्हणायचो, या भाकरीचा रंग बघा, यात थोडा जांभळा आहे. आवक-जावक विभागात एवढं बोललं तरी माणूस कलावंत ठरतो.

आता मी काही काढतच नव्हतो असा गैरसमज नको. सावेडीतल्या आमच्या घरी माळ्यावर माझी तेवीस चित्रं आहेत. चांदबिबी महालाचे दोन मजले आहेत. महाल तीन मजली आहे हे मलाही ठाऊक आहे. भुईकोट किल्ल्याचा खंदक झालाय, किल्ला यायचाय. एक म्हैस आहे, ती पोटापर्यंत आली आहे. त्याचं काय होतं, चित्र जरा जमायला लागलं की माझ्या छातीत धडधडायला लागतं. आत्ता बरं दिसतंय, आणखी एक हात मारला आणि बिघडलं तर? मग मी ब्रश धुऊन ठेवतो. दमयंती, म्हणजे आमची ही, एकदा म्हणाली की मी तुमच्या पद्धतीनं स्वयंपाक केला असता तर या घरात अकरा वर्षं सगळे कच्चं खात बसले असते. मी त्यावर काही बोललो नाही, कारण त्या वेळी मी जेवत होतो.

हे असंच सुखानं चाललं असतं, पण मध्ये तो खिळा आला. सहा वर्षांपूर्वी सूर्यभान साहेब आमच्या कचेरीत बदलून आले. पहिल्याच दिवशी त्यांच्या केबिनमधली मोकळी भिंत बघून मी बोलून गेलो, "साहेब, इथं एक चित्र पाहिजे. मी देतो." साहेबांनी त्याच दुपारी शिपायाकडून भिंतीत खिळा मारून घेतला. सरकारी कचेरीत एखादं काम इतक्या तडकाफडकी होईल अशी मला कल्पना नव्हती. पुढं कॅलेंडर आलं, घड्याळ आलं, कुठल्या कुठल्या स्पर्धेचं प्रशस्तिपत्र आलं, पण साहेबांनी त्या खिळ्याला काही म्हणजे काही लावू दिलं नाही. "तो खिळा सुहासरावांचा आहे," एवढंच म्हणायचे. चित्राचं काय झालं असं त्यांनी मला सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी सबब सांगून मोकळा झालो असतो. ते नुसते खिळ्याकडं बघायचे, मग माझ्याकडं बघायचे आणि फायलीवर सही करायचे.

आणि या मे महिन्याच्या अखेरीला साहेब निवृत्त व्हायचे होते. सत्कार समितीचे अध्यक्ष आमचे हेडक्लार्क भागवत. सभेत त्यांनी शाल, श्रीफळ वगैरे झाल्यावर जाहीर केलं की भेटवस्तू म्हणून साहेबांच्या गावच्या जुन्या घराचं चित्र द्यायचं आणि ते अर्थातच सुहासराव काढतील. टाळ्या वाजल्या. मीसुद्धा वाजवल्या, सवयीनं. साहेब मूळचे शिंगणापूरचे. त्यांचं जुनं घर चार वर्षांपूर्वी पाडून तिथं नवं बांधलंय, म्हणून भागवतांनी साहेबांच्या पुतण्याकडून जुन्या घराचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गुपचूप मागवून घेतला. फोटो साहेबांच्या लग्नातला होता. घरासमोर चौतीस माणसं तीन रांगांत उभी होती. घर म्हणून जे काही होतं ते फेट्यांच्या वर सुरू होत होतं.

ही बातमी आमच्या सोसायटीत मी घरी पोचायच्या आत पोचली. वरच्या मजल्यावर मार्तंड गुरुजी राहतात. छत्तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. ते चपला न घालताच खाली आले आणि म्हणाले की चित्र जलरंगातच व्हायला पाहिजे, बाकी सगळा पोरखेळ. त्यांच्या मागोमाग अमृत आला. त्याचं कोपऱ्यावर फ्लेक्सचं दुकान आहे. वय पंचेचाळीस, पण चौकातल्या फ्लेक्सवर स्वतःच्या वाढदिवसाला तो गेली दहा वर्षं तिशीतच आहे. तो म्हणाला, "काका, टॅब घ्या. कागद-बिगद कोन वापरतंय आता? चुकलं की मागं जायचं. बिघडायचा सवालच न्हाई." बिघडायचा सवालच नाही हे ऐकून माझं मन तिथंच टॅबच्या बाजूला झुकलं होतं. पण गुरुजींनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मुकाट्यानं जलरंग म्हणालो.

जलरंगात जल लागतं. आमच्याकडं नळाला पाणी एक दिवसाआड येतं, तेही पहाटे. गुरुजींच्या शास्त्राप्रमाणं कागद आधी अर्धा तास पाण्यात बुडवायचा, मग फळीवर ताणून बसवायचा. कागद बुडेल एवढं भांडं घरात एकच, दमयंतीची पुरणाची परात. फळी म्हणून पोळपाट छोटा पडला, तेव्हा देव्हाऱ्याखालचा पाट काढला. देव तात्पुरते मायक्रोवेव्हवर गेले. दमयंती हे सगळं कंबरेवर हात ठेवून बघत होती. पाणी येण्याच्या दिवशी पहाटे बादल्या भरायच्या सोडून मी कागद भिजवत बसलो, म्हणून त्या दिवशी आमची आंघोळ अडीच तांब्यांत झाली. तिची दोन आणि माझी अर्ध्या.

आकाश मात्र छान जमलं. वरून निळं, खाली येता येता फिकट. मी ते वाळवायला गच्चीवर नेलं. मे महिना, त्यामुळं गच्चीवर अख्ख्या सोसायटीच्या कुरडया. मी चित्र कडेला ठेवलं आणि खाली चहाला आलो. तेवढ्यात वावटळ आली. वर जाऊन पाहतो तर कुरडयांखालचा प्लास्टिकचा कागद उलटलेला आणि माझ्या आकाशात दमयंतीच्या तीन ओल्या कुरडया चिकटलेल्या. हळूच काढायला गेलो तर आकाशाचा पापुद्राच निघून आला. गुरुजी चष्मा न लावता आले होते. त्यांनी चित्र हातभर लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, ढग चांगले जमलेत, भरीव आहेत. दमयंतीचं म्हणणं वेगळं होतं. तिच्या तीन कुरडया निळ्या झाल्या होत्या.

त्या रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं. मी समजायचं ते समजलो आणि दुसऱ्या दिवशी टॅब मागवला. आता मागवला असं मी एका शब्दात म्हणतो, पण त्यात चार दिवस गेले. त्या कंपनीच्या फॉर्ममध्ये जिल्हा निवडायला यादी होती. यादीत अहिल्यानगर होतं. माझ्या आधारवर अजून अहमदनगर. वॉरंटीसाठी पत्ता आधारशी जुळला पाहिजे अशी अट. मी फोन केला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली की सर, तुम्ही दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांत राहताय. मी तिला समजावून सांगितलं की मी जन्मल्यापासून हाललेलो नाही, नाव हाललंय. ती म्हणाली की सर, मग तुम्ही जिल्हा बदलल्याचा पुरावा पाठवा. मी स्वतः एकवीस वर्षं लोकांकडून असलेच पुरावे मागत आलोय, त्यामुळं मला त्या बाईचा राग आला नाही. उलट तिच्याबद्दल थोडा आदरच वाटला. शेवटी अमृतनं स्वतःच्या दुकानाच्या नावावर टॅब मागवला. तो फ्लेक्सवाला असल्यामुळं दोन्ही नावांचे बोर्ड त्याच्याकडं तयारच होते.

टॅबबरोबर एक काळा हातमोजा आला. त्याला फक्त करंगळी आणि शेजारचं बोट, एवढीच दोन बोटं. दमयंतीनं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "अर्धवटच पाठवलाय. तुम्हाला ओळखतात वाटतं." हात काचेवर घासू नये म्हणून तो तसाच असतो हे मी तिला अमृतकडून वदवून घेतलं, पण तिची समजूत पटली नाही.

अमृतनं मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे मागं जायचं बटण. रेघ चुकली, बटण दाबा, रेघ नाही. जन्मभर मी ज्याची वाट पाहत होतो ते हेच. छपराची एक आडवी रेघ मी बासष्ट वेळा काढली आणि एकसष्ट वेळा मागं गेलो. संध्याकाळी हिशेब केला तर दिवसभरात घराला छप्परच झालं होतं, तेही डाव्या बाजूचं. दुसरी गोष्ट म्हणजे लेयर. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसं ते असतं. भिंत एका कागदावर, झाड दुसऱ्यावर, आकाश तिसऱ्यावर. प्रत्येकासमोर एक डोळ्याची खूण. डोळा मिटला की ती वस्तू दिसेनाशी होते, उघडला की परत हजर. बटण दाबून माणसं नाहीशी करता येत असती तर आमच्या कचेरीत कुणीच उरलं नसतं, असा एक विचार तेव्हा माझ्या मनात येऊन गेला.

छप्पर झालं, मातीची भिंत झाली, उजवीकडचा लिंब झाला. खाली चौतीस माणसं उभी, त्यामुळं घराचा मधला भाग फोटोत दिसतच नव्हता. तिथं कलावंताला कल्पना लढवायला वाव होता. मी दार काढायला घेतलं. आणि काय सांगू, त्या दारानं मला झपाटलं. सागवानी दार, दोन फळ्यांचं, वर गणेशपट्टी, पितळी फुल्या, कडी-कोयंडा, आणि कोयंड्याला हे एवढं कुलूप. मी चित्र मोठं करून कुलपात किल्लीचं भोकसुद्धा काढलं. सहा दिवस रोज संध्याकाळी मी दारच काढत होतो, आणि सहाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्यात आता काही करायचं उरलेलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझी एक वस्तू पूर्ण झाली होती. मी थोडा वेळ खुर्चीत नुसता बसून राहिलो. मला खरंच फार बरं वाटलं.

दाराचं कौतुकही भरपूर झालं. गुरुजी काचेवरच्या चित्राला चित्र म्हणत नाहीत, पण तेही म्हणाले की दार बोलतंय. भागवतांना मोबाईलवर पाठवलं तर त्यांनी चार अंगठे पाठवले आणि खाली लिहिलं, दार म्हणजे दार. अमृतनं नमुना म्हणून एक छापून आणलं, त्यात हाताच्या सवयीनं खाली 'शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ' अशी पट्टीही टाकली होती. ती काढायला सांगितली तर त्याला चित्र खाली मोकळंमोकळं वाटायला लागलं.

सत्कार शुक्रवारी होता. मंगळवारी संध्याकाळी मी तो नमुना जेवणाच्या टेबलावर उभा करून बघत होतो. दमयंती शेजारी बसून गवार मोडत होती. तिनं एकदा चित्राकडं पाहिलं, परत गवारीकडं पाहिलं.

"साहेब कुठले म्हणालात?"

"शिंगणापूरचे."

तिनं आणखी चार शेंगा मोडल्या. "मग हे दार कुणाचं?"

मी शिंगणापूरला निदान वीस वेळा गेलोय. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना मीच घेऊन जातो, आणि गाडीतून उतरायच्या आधी मीच छाती फुगवून सांगतो की बघा, या गावात घरांना दारं नाहीत, कुलूप हा प्रकारच नाही. आणि त्याच मी तिथल्या माणसाच्या घराला सागवानी दार लावून वर कुलूप घातलं होतं. गुरुजी नगरचे, भागवत नगरचे, अमृत तर शनिअमावस्येचे फ्लेक्स छापतो. एकाच्याही डोक्यात आलं नाही. दार इतकं चांगलं झालं होतं की त्याच्यापुढं कुणाला शिंगणापूर आठवेना. मी दमयंतीला विचारलं की तुला आधी का सुचलं नाही. ती म्हणाली, आधी मला कुणी दाखवलं? तेही खरंच होतं.

मी टॅब घेऊन तसाच अमृतच्या दुकानात गेलो. गुरुजी मागून आले. अमृत शांत होता. "दार येगळ्या लेयरवर हाय ना? मंग डोळा मिटा की." मी डोळा मिटला. माझे सहा दिवस क्षणात नाहीसे झाले, आणि घराच्या मधोमध दाराच्या आकाराचा पांढराशुभ्र चौकोन उरला. दारामागं मी काही काढलेलंच नव्हतं. दार लावल्यावर मागं कोण कशाला काढेल? आता प्रश्न असा की दार नसलेल्या घराच्या आत काय दिसतं. अमृतनं इंटरनेटवरून एक बैठकीची खोली आणून बसवली, त्यात निळा सोफा होता. गुरुजींनी डोळ्यांवर हात ठेवला. मी अंधार काढून पाहिला, पडदा काढून पाहिला, गाय बसवून पाहिली, आणि प्रत्येक वेळी मागं गेलो. तासाभरानं गुरुजींनी माझ्या हातातलं टॅबचं पेन काढून घेतलं.

"तुला मागं जायचं बटण आहे ना, तोवर तू पुढं जाणार नाहीस," ते म्हणाले. मग घरी जाऊन कपाटातून गुंडाळलेला एक जाड कागद घेऊन आले. हाती बनवलेला, निवृत्तीच्या वेळी शाळेतल्या मुलांनी दिलेला. त्यांनी त्याच्यावर कधी काही काढलं नव्हतं. म्हणाले, यावर छाप, मधली जागा पांढरी ठेव, आणि आत काय होतं ते ज्यानं पाहिलंय त्याला विचारून हातानं रंगव. अमृत म्हणाला, शाई पान्याला भिनार न्हाई, बिनघोर ऱ्हावा. कागद मशीनमध्ये जाईपर्यंत गुरुजी त्याच्या कडेला बोट लावून उभे होते आणि अमृतला हळू, हळू म्हणत होते.

आत काय होतं ते साहेबांना विचारणं शक्य नव्हतं, तेव्हा शिंगणापूरला जाणं भाग होतं. म्हणजे गुरुवारची रजा. आणि रजेवर सही साहेबांची. बुधवारी मी अर्जात कारण लिहिलं : शनिदर्शन. साहेबांनी अर्ज वाचला.

"गुरुवारी? शनिवारी जा की."

मी म्हणालो, गर्दी असते.

"साडेसाती वगैरे चालू आहे का?"

"हो, साहेब."

"कधीपासून?"

"कालपासून."

साहेबांनी सही केली. वर म्हणाले, "एवढे जाताय तर घरी चहा घेऊन या. आई असते. दार वाजवायचा प्रश्न नाही, सरळ आत जा." त्यांनी खिळ्याकडं पाहिलं नाही, पण मी पाहिलं.

गुरुवारी सकाळी चित्राची गुंडाळी पाठीला बांधून मी स्कूटरवर निघालो. सोबत रंगांची डबी आणि गुरुजींचा ब्रश. घोडेगावहून वळलो आणि मोटारसायकलवरचा एक इसम माझ्या बरोबरीनं चालायला लागला. पार्किंग फ्री, चप्पल फ्री, म्हणत त्यानं मला हात करून एका दुकानासमोर उभं केलं, आणि मी पाठीवरची गुंडाळी काखेत घेऊन हेल्मेट काढेपर्यंत माझ्या हातात पूजेचं ताट होतं, त्यात तेलाची बाटली, आणि तिचं झाकण सैल. तेलाची धार बरोबर गुंडाळीच्या दिशेनं निघाली. जलरंग झाले होते, डिजिटल झालं होतं, आता तैलचित्र तेवढं राहिलं होतं. मी गुंडाळी डोक्यावर धरली आणि तेल सगळं माझ्या शर्टावर घेतलं. त्या अवतारात मी साहेबांचं घर शोधलं.

नवं घर सिमेंटचं, ऐसपैस, पण दाराच्या जागी नुसती चौकट आणि अर्धवट सरकवलेला पडदा. मी बाहेरूनच खोकलो. आतून एक ऐंशीच्या घरातल्या आजी आल्या. साहेबांच्या आई, गोजरबाई. माझा शर्ट बघून म्हणाल्या की देवाला वाहायचं तेल तू सोताच्याच अंगावर वाह्यलं व्हय. मी घडलेला सगळा प्रकार सांगितला, फक्त दाराचा भाग गाळला. मग गुंडाळी उलगडली. त्यांनी चित्र मांडीवर घेतलं, लिंबावरून बोट फिरवलं, छपरावरून फिरवलं आणि पांढऱ्या चौकोनावर येऊन थांबल्या.

"इथं काय झालं?"

शेवटी मी दाराचंही सांगून टाकलं. कुलपाचंसुद्धा. आजी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "आमच्या घराला कवाड! कुत्रं येऊ नये म्हनून आडवी फळी लावायचो, तेवढंच."

मी विचारलं की मग आत काय दिसायचं.

"काय दिसनार? मीच दिसायची," त्या म्हणाल्या. "समोरच चूल हुती. सूर्यभान शाळंला घोडेगावला जायचा. सांजच्याला येताना त्या वड्यापशी आला की घर दिसायचं, आन घरात चुलीपशी मी दिसायची. कवाड न्हाई, मंग आडवं कोन येतंय? मी दिसली की तिथनं पळत सुटायचा. दप्तर, टोपी, काय काय पाडत यायचा."

मी रंगांची डबी उघडली. मग विचारलं, आजी, जरा बसाल का तशा? त्यांनी गॅसपाशी पाट टाकला, पदर डोक्यावर घेतला आणि बसल्या. मी तांब्यातलं पाणी वाटीत घेतलं, ब्रश ओला केला, आणि छातीत ती ओळखीची धडधड सुरू झाली. डावा हात सवयीनं बटण शोधत होता. तिथं सतरंजी होती. चुलीचा जाळ आधी टाकला, मग धुराची काळपट छटा, मग लुगड्याचा हिरवा, मग चेहरा. नाक काढताना ब्रशवर पाणी जरा जास्त आलं आणि रंग पसरला. पूर्वीचा मी असतो तर तिथंच थांबलो असतो आणि चोविसावं चित्र माळ्यावर गेलं असतं. पण आजी पाठ ताठ करून बसल्या होत्या, त्यांना सोडून कसा जाणार? मी पुढं काढत गेलो. हात काढला, फुंकणी काढली, उंबरा काढला. आणि काढायचं काही उरलं नाही तेव्हा ब्रश वाटीत ठेवला.

आजींनी चित्र डोळ्यांजवळ धरलं. "नाक लई मोठं झालं माझं."

"हो, आजी."

"पुसता येतंय का?"

"नाही येत."

"मंग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

शुक्रवारी सत्कारात भागवतांनी पंचवीस मिनिटं भाषण केलं, त्यात साहेबांविषयी सहा आणि उरलेली दैनंदिन उपस्थितीविषयी. मग काचेच्या चौकटीत बसवलेलं चित्र आलं. साहेबांनी वरचा कागद काढला. बराच वेळ ते वाकून बघत राहिले. मला वाटलं, नाकच बघतायत. मी मनातल्या मनात खुलासा तयार करत होतो. साहेबांनी एक बोट काचेवर, आतल्या त्या हिरव्या लुगड्यावर ठेवलं.

"ओढ्यापासून अशीच दिसायची," ते म्हणाले. भागवतांनी माईक घेतला आणि या खेपेला तो तसाच परत ठेवला.

चहापान झाल्यावर साहेब केबिनमध्ये गेले, शिपायाकडून पक्कड मागवली आणि भिंतीतला तो खिळा स्वतः उपटला. रुमालात गुंडाळून खिशात टाकला. म्हणाले, "हा सुहासरावांचा आहे. घरी लावतो."

मी घरी आलो तेव्हा गुरुजी आणि अमृत जिन्यातच वाद घालत उभे होते. गुरुजींच्या मते चित्र जलरंगाचं, अमृतच्या मते डिजिटल. मला न्यायनिवाडा करायला सांगितलं. मी दोघांनाही हो म्हणालो आणि वर आलो. हॉलमध्ये दमयंती स्टुलावरून उतरत होती. हातात बत्ता होता. समोरच्या भिंतीवर, जिथं अकरा वर्षांत तिनं मला काही लावायला सांगितलं नव्हतं, तिथं एक नवा कोरा खिळा होता.

मी तिच्याकडं पाहिलं. ती बत्ता ओट्यावर ठेवून पदराला हात पुसत म्हणाली, "आपलंच घर काढा. आणि आपल्या घराला दार आहे. नीट बघून काढा."